चौकटीतलं नाव

शुक्रवारी दुपारी चार वाजता बातमीपत्र आपोआप सुटणार होतं, आणि दोन वाजून गेले तरी एनेच्या गालिच्याच्या फोटोखाली बातमाचं नाव तसंच होतं.

हे बातमीपत्र आमच्या गावच्या नमदा मंडळाचं. महिन्यातून एकदा, बाराशे चाळीस परदेशी माणसांना ईमेलने जायचं. वर मंडळाचं चिन्ह, मधे महिन्याच्या शिरदाकचा, म्हणजे नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या गालिच्याचा, मोठा फोटो, फोटोखाली तांबड्या चौकटीत तो करणारीचं नाव, आणि सगळ्यात खाली एका मेंढ्याचा फोटो. मेंढा का, ते कोणालाच माहीत नाही, पण परदेशी लोकांना तो आवडायचा. हा सगळा साचा बसवला आयदायने. आयदाय गावची लेक. ती दोन आठवड्यांपूर्वी जर्मनीला गेली, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीवर. जायच्या आदल्या दिवशी तिने मे महिन्याचं पत्र तयार करून शुक्रवारी चारची वेळ लावून ठेवली आणि मंडळाचं ऑफिस सांभाळणाऱ्या गुल्झिराला म्हणाली, "वहिनी, फक्त फोटो बदल, चार ओळी बदल आणि चौकटीतलं नाव बदल. बास."

फोटो आणि ओळी गुल्झिराने पहिल्याच दिवशी बदलल्या. अडलं ते नावापाशी. एप्रिलचा शिरदाक ओढ्यापलीकडच्या बातमा म्हातारीचा होता, म्हणून चौकटीत तिचं नाव बसलेलं. मेचा होता एनेचा. एने म्हणजे गुल्झिराची सासू. 'एने' हे नाव नव्हे, सासूला म्हणायचा शब्द, पण खरं तर सगळं गावच तिला एने म्हणतं. तिचं नाव मी सांगेन, पण वेळ आली की.

आमच्याकडे सून सासरच्या थोरामोठ्यांचं नाव घेत नाही. शहरातल्या पोरी घेतात, हसतात, सोडून देतात. एनेच्या घरात तसलं काही चालत नव्हतं. गुल्झिराच्या दिराचं नाव 'बाल्ता', म्हणजे कुऱ्हाड, तर एकोणीस वर्षं ही बाई कुऱ्हाडीला 'फोडायचं' म्हणत आली. आणि ऑफिसात बसणाऱ्या तिघीही, गुल्झिरा, नुरिला आणि जिपारकुल, एकाच घराण्यात सुना म्हणून आलेल्या. नावात हात घालू शकेल अशी त्या खोलीत एकही नव्हती.

एने शेजारच्या कामाच्या खोलीत दारासमोरच्या मानाच्या जागी, नमद्यांच्या थप्पीवर बसली होती. दार उघडंच होतं. तिची नजर बहुतेक गेली होती. हा शिरदाक तिने दोन हिवाळे कापला आणि शिवला, त्यातला दुसरा हिवाळा नुसत्या बोटांनी चाचपून. यापुढे सुरी हातात धरणार नाही असं तिनेच जाहीर केलं होतं. म्हणजे हा शेवटचा.

"नाव आलं का गं?" तिने आतून विचारलं.

"येतंय, एने."

"येतंय म्हणजे? कोचकोरहून पायी निघालंय का?"

नुरिलाने हसू दाबायला तोंडात तळलेला बोरसोक कोंबला.

"त्या पलीकडलीचं राहू देऊ नका म्हणजे झालं," एने म्हणाली. "पन्नास वर्षं सांगत फिरते की नक्षीतल्या शिंगांचा तो मुरका तिचा. माझ्या आईचा मुरका आहे तो! आणि सूनबाई, तू लिहू नकोस हं. इतकी वर्षं माझं नाव तोंडातून काढलं नाहीस, आता बोटांनी घेऊ नकोस. आयदायला सांग, ती लेक आहे, तिला चालतं."

एनेला वाटत होतं आयदाय इथे जवळच, तालुक्याच्या गावी, कोचकोरलाच बसली आहे. तिला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण जर्मनी तिच्या लेखी फार लांब नव्हती.

गुल्झिराने आयदायला सहाव्यांदा फोन लावला. तिकडे नुसती घंटी वाजत राहिली. कामावर असताना त्यांचे फोन कपाटात कुलूप लावून ठेवतात, हे आयदायने स्वतःच सांगितलं होतं. शेवटी तिने मागे पाठवलेला आवाजी निरोप गुल्झिराने पुन्हा लावला: "वहिनी, ऐक. चौकटीत काही डकवायचं नाही. दुसरीकडून उचलून डकवलंस की तिकडची मांडणी सोबत येते आणि आपली मोडते. चौकटीतलं सगळंही पुसायचं नाही, चौकटच जाते. आत शिरायचं, पहिल्या अक्षरानंतर नवीन नाव हाताने टाइप करायचं, मग मागचंपुढचं जुनं काढायचं. हाताने, कळलं?"

कळलं होतं. कळूनच तर तिने हातपाय गाळले होते. मांडणी न मोडायचा एकच मार्ग होता आणि तो तिच्या बोटांमधून जात होता.

म्हणून तिने आधी डकवूनच पाहिलं. मंडळाच्या सभासदांची यादी होती, त्यात चौथ्या ओळीवर एनेचं नाव. गुल्झिराने मान वळवून, नीट न बघता ते उचललं आणि चौकटीत डकवलं. नाव आलं, पण काळंकुट्ट, हाताच्या पंजाएवढं. चौकट ताणली गेली, फोटो खाली घसरला. फोनवर कसं दिसतं ते पाहिलं, तर नाव थेट मेंढ्याखाली जाऊन बसलं होतं.

"अगं बाई, मेंढा!" नुरिला ओरडली. "आता सगळ्या जर्मनीला वाटेल, हाच आपल्या एने!"

"हळू बोल!"

"मी हळूच बोलतेय, मेंढाच मोठा आहे."

गुल्झिराने ते रद्द केलं. ती घाबरट नव्हे, पण सावध होती. दर वेळी काही करायच्या आधी ती पत्राची एक प्रत काढून ठेवायची आणि प्रतीवर हात चालवायची. पहिलं पत्र 'मे'. मग 'मे दोन'. मग 'मे खरं'. आता तिने 'मे अगदी खरं' अशी आणखी एक काढली. आपण किती शहाणे आहोत असं तिला वाटलं असेल तर तिला दोष देऊ नका. मलाही तसंच वाटलं असतं.

"'आमच्या आई' असं लिहू का?" तिने विचारलं.

"आणि एनेने वाचायला सांगितलं की?" जिपारकुल म्हणाली. ती कमी बोलायची, पण बोलली की नेमकं दुखतं तिथे. "बातमाचा शिरदाक नावाने आणि यांचा बिननावाचा? त्यापेक्षा मेंढा बरा."

तीन वाजले. नवरा मेंढरं घेऊन वर कुरणावर गेलेला, तिथे फोन लागत नाही. बाप्यांपैकी हाताशी एकच होते, फाटकावरचे राखणदार जुमाबाय. एनेचे धाकटे दीर. त्यांना नाव घ्यायची मुभा होती, आणि तरुणपणी लोकर खरेदीच्या कचेरीत टाइपरायटर बडवल्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांचं नावही या तिघींना घेता येत नसल्यामुळे त्या त्यांना 'किल्लीवाले बाइके', म्हणजे किल्लीवाले दादा, म्हणायच्या.

"बाइके, एकच शब्द आहे," गुल्झिरा म्हणाली. "पहिलं अक्षर ठेवायचं, त्याच्या पुढे लिहायचं."

"बाजूला हो पोरी. तुझा जन्म नव्हता तेव्हापासून मी टाइप करतोय."

ते बसले, टोपी सरळ केली, चहा मागवला, चहा प्यायले. मग उजव्या हाताची तर्जनी वर नेली आणि शेळीला हाकलावं तशी खाली आणली. पहिली तीन अक्षरं बरोबर उमटली. चौथं चुकलं.

"बाइके, एकच पुसा, एकच—"

त्यांनी बोट खोडायच्या बटणावर ठेवलं, आणि टाइपरायटरवर ठेवायचे तसं दाबूनच ठेवलं. नवीन अक्षरं गेली, जुनी गेली, आणि मग डोळ्यांदेखत तांबडी चौकट गेली. मेंढा टुणकन वर सरकला.

"मी फक्त पुसलं," जुमाबाय म्हणाले. "तुमच्या यंत्रातच खोट आहे." आणि फाटकाकडे निघून गेले.

गुल्झिराला रडू आलं, खरोखरचं. चौकट गेली म्हणून नव्हे. पलीकडच्या खोलीत एने शेवटच्या शिरदाकच्या काठावरून बोट फिरवत बसली होती, जिथे दोरा संपला ती गाठ शोधत, आणि तिने या सगळ्याकडे एवढंच मागितलं होतं. ते एवढंसं चार धडधाकट माणसांच्याने होत नव्हतं.

"चाळीस मिनिटं," जिपारकुल म्हणाली.

पत्र बंद करताना बदल जपायचे का, असं पडद्यावर विचारलं. गुल्झिराने नाही म्हटलं. मग पुन्हा यादीतून 'मे अगदी खरं' उघडलं. चौकट जागेवर होती. आत बातमाचं नाव. तिने कर्सर पहिल्या अक्षरानंतर नेऊन ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

"करतेस का?" नुरिलाने कुजबुजून विचारलं.

"तू दार लोटून घे."

नुरिलाने दार लोटलं. जिपारकुल उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिला बघायचं नव्हतं, की बघितलं असं कोणी म्हणायला नको होतं, देव जाणे. गुल्झिराने एक अक्षर टाइप केलं आणि थांबली. नवीन लग्न होऊन आली तेव्हा एनेने तिला दाराशी उभं करून डोक्यावर पांढरा रुमाल बांधला होता, आणि म्हणाली होती की आजपासून माझी लाज तुझ्या हातात. त्याच हाताचं बोट आता पुढच्या अक्षरावर होतं. दुसरं अक्षर. तिसरं. कान लाल झाले, मानेवरून घाम उतरला. चोरी करतानाही माणसाला एवढं होत नसेल. नाव पुरं झालं तेव्हा तिने मागचंपुढचं जुनं एकेक अक्षर मोजून काढलं आणि बोट लगेच उचललं.

चौकट हलली नाही. फोटो हलला नाही. फोनवर पाहिलं, नाव बरोबर शिरदाकच्या खाली, पांढऱ्या अक्षरांत. इतकं छान दिसत होतं की नुरिलाने तिच्या पाठीत धपाटा घातला. गुल्झिराने 'जपा' दाबलं. चारला तीन मिनिटं होती.

"झालं," ती म्हणाली, आणि इतका वेळ रोखलेला श्वास सोडून थंड झालेला चहा एका घोटात प्यायली.

चार वाजता तिघींचे फोन एकदम वाजले. मंडळाच्या बायकांचे पत्तेही यादीत होते. गुल्झिराने हसत पत्र उघडलं. शिरदाकचा फोटो. चार ओळी. तांबडी चौकट. चौकटीत बातमा.

ती कितीतरी वेळ ते वाचत राहिली. मग धावत पडद्याशी गेली. यादीत चार पत्रं होती. 'मे अगदी खरं' जसंच्या तसं बसून होतं, एनेच्या नावासकट, कुठेही न गेलेलं. आयदायने वेळ लावली होती ती पहिल्याला. नुसत्या 'मे'ला.

"परत बोलाव ना," नुरिला म्हणाली.

"कुठून बोलावू?"

"मग हे चांगलं आत्ता पाठव."

तिने पाठवायला दाबलं. फुकटच्या खात्यावर महिन्यातून एकच पत्र जातं, पुढचं जूनच्या एक तारखेनंतर, असं पडद्यावर आलं. अगदी नम्र भाषेत. जूनमध्ये दुरुस्ती टाकता येईल, जिपारकुल म्हणाली. पण बातमाच्या नातीचा पत्ताही त्या यादीत होता. आत्ता ओढ्यापलीकडे तिचाही फोन वाजला असणार, आणि संध्याकाळी गाईंच्या धारा काढायच्या वेळेपर्यंत सगळ्या गावाला कळणार की एनेने दोन हिवाळे, डोळे जाताजाता, शिवलेला शिरदाक शेवटी बातमाचा निघाला. गुल्झिराने नुसतं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि तीच नम्र ओळ पुन्हा पुन्हा आली.

"ए पोरींनो!" आतून हाक आली. "घंटी वाजली ती माझीच ना? गेलं का पत्र?"

नुरिलाने आपला फोन उलटा करून ठेवला.

"सूनबाई, इकडे ये. वाचून दाखव."

गुल्झिरा फोन घेऊन आत गेली आणि नमद्यांच्या थप्पीपाशी गुडघ्यांवर बसली. एनेने रुमाल सारखा केला, पाहुणे यायच्या वेळी करायची तसा, आणि कान पुढे केला.

"'या महिन्याचा शिरदाक,'" गुल्झिराने वाचलं. "'नक्षी मेंढ्याच्या शिंगांची. काळा आणि पांढरा नमदा. दोन हिवाळ्यांत कापला आणि शिवला—'"

ती थांबली.

"कोणी?" एने म्हणाली. "पुढे कोणाचं आहे? तिचंच राहिलं का?"

"नाही एने." गुल्झिराने पडद्यावरून नजर काढली. "'कापला आणि शिवला उरुमकान यांनी.'"

दारात नुरिलाने तोंडावर हात नेला. एने हलली नाही. तिचा हात शिरदाकच्या काठावर होता तिथेच राहिला. गुल्झिरा मान खाली घालून बसली, आता थोबाडीत बसणार या तयारीने. बसली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

"या नावाने मला हाक मारणारी माझी बहीण होती," एने म्हणाली. "तिला जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर कोणी नाही." तिने हाताने चाचपत सुनेचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं. "परत म्हण."

गुल्झिराने चौकटीतल्या बातमाच्या नावावर अंगठा ठेवला आणि परत म्हटलं.