पावशेराचं नळकांडं

त्या दिवशी सकाळपासून झोंबरं वारं सुटलं होतं. माघाचा महिना, आभाळ राखेसारखं, आणि गारठा असा की गाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेला हात लावला तर चटका बसावा.

मी बांबूचं नळकांडं बोलतोय. हसू नका. कचेरीतही आधी लोक हसलेच होते.

माझा जन्म जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात, भाताच्या खाचराशेजारच्या बेटात झाला. हौशीरामच्या बापानं मला तोडलं. एका पेराशी बूड ठेवलं, दुसरं तोंड तिरकं कापलं आणि बैलाची जीभ चिरू नये म्हणून दगडावर घासघासून गुळगुळीत केलं. बैल आजारी पडला की त्याचं तोंड वर धरायचं आणि माझ्यातून औषध घशात सोडायचं, एवढंच माझं काम. माझ्या ओठावर दातांच्या खुणा आहेत, त्या सगळ्या बैलांच्या.

बापानं हौशीरामला एक रीत लावून दिली होती. मुक्या जनावराला कडू-जहर सांगता येत नाही, म्हणून त्याला पाजायचं ते आधी आपल्या जिभेला लावायचं. एकच थेंब. हौशीरामनं ती रीत कधी मोडली नाही.

पुढं तो जुन्नरला उतरला आणि भाड्यानं गाडी हाकू लागला. पेठेतल्या लेकी-सुना सासरी-माहेरी पोचवायच्या तर हौशीरामचीच गाडी, असा लौकिक झाला. दुसरी इस्टेट त्याच्याकडं नव्हती.

तर त्या दिवशी गाडीत पेठेतल्या रिखबचंद शेटजींची म्हातारी आई, जतनबाई होत्या. पिंपळवंडीला लेकीकडं निघाल्या होत्या. कुकडीच्या पाण्यात बैल छातीपर्यंत भिजले आणि काठावर येताच त्यांतला पाखऱ्या थरथर कापत खाली बसला. उठेना. जतनबाईंनी अंगावरची शाल काढून त्याच्या पाठीवर टाकली. जवळच सरकारी परवान्याचा दारूचा गुत्ता होता. हौशीराम पळत गेला आणि एक पावशेर दारू माझ्यात भरून घेऊन आला. गारठलेल्या बैलाला दारू पाजतात, हे तिकडं लहान पोरालाही ठाऊक.

जतनबाईंनी नाकाला पदर लावला, पण नजर काढली नाही. हौशीरामनं थेंब जिभेला लावला, बैलाचं तोंड वर केलं. पाखऱ्यानं मान झटकली, थोडी हौशीरामच्या अंगातल्या बंडीवर सांडली, बाकी पोटात गेली. घटकाभरानं बैल उठला.

गाडी सडकेच्या कडेनं हळू चालली होती. मागून एका अंमलदाराचा टांगा भरधाव आला, आमच्या चाकाला धडकला आणि टांग्याचीच दांडी मोडली. अंमलदार संतापला. बरोबरच्या हवालदारानं हौशीरामची बंडी हुंगली आणि विचारलं, दारू प्यालास का? हौशीराम म्हणाला, जिभेला लावली साहेब. हवालदारानं कागदावर काय लिहिलं ते वाचून दाखवलं नाही. हौशीरामनं अंगठा दिला. त्याला वाटलं, आपण बोललो तेच कागदावर उतरलं असणार. तिथंच तो चुकला. मलाही 'दारू पिण्याचं साधन' म्हणून सुतळीनं बांधून नेलं.

दारू पिऊन बेफाम गाडी हाकली, असा खटला झाला. शेजारचा चिमाजी म्हणाला, कबूल कर, दंड भर, मोकळा हो. आणि त्याच दमात आपल्या लेकीला सासरी न्यायला त्यानं दुसरी गाडी ठरवली.

"पोरीबाळींचं काम हाय, राव," म्हणाला. "राग मानू नको."

"मानत न्हाई," हौशीराम म्हणाला. "पन कबूल केलं तर जलमभर दारुड्या. जे केलं न्हाई ते मी कबूल करनार न्हाई."

रिखबचंद शेटजींचं कचेरीत जाणं-येणं असायचं. त्यांनी त्याला ओट्यावर बसवून समजावलं. पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात तुझ्याविरुद्ध चालत नाही. गुन्हा त्यांनी शाबीत करायचा, तू नाही. त्यांच्या साक्षीदाराला तू प्रश्न विचारू शकतोस, आणि आपले साक्षीदार बोलवू शकतोस. हौशीरामनं सगळं दोनदा ऐकलं. मग त्यानं विचारलं, मी सोता इचारू शकतो? शेटजी म्हणाले, तूच विचार.

कचेरीत मामलेदारसाहेबांनी अंगठ्याचा कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. हवालदार म्हणाला, आरोपीच्या अंगाला दारूचा वास येत होता. प्रश्न विचारायची पाळी आली. हौशीराम हात जोडून उभा राहिला, पण आवाज खाली नव्हता.

"हवालदारसाहेब, माझी बंडी हुंगली. बैलाचं तोंड हुंगलं का?"

लोक हसले. हवालदार म्हणाला, बैलाचं कशाला हुंगू?

"प्यालेला तर त्योच व्हता."

गुत्तेवाल्यानं सांगितलं, एकच पावशेर दिली होती. साहेबांनी त्याचं माप मागवलं आणि पावशेरभर पाणी माझ्यात ओतायला लावलं. मी काठोकाठ भरलो. म्हणजे घेतलेली सगळी दारू माझ्यातच आली होती, गुत्त्यावर माणसाच्या वाट्याला घोटभरही उरत नव्हतं. उभ्या जन्मात मी इतका ताठ कधी उभा राहिलो नाही.

मग जतनबाई आल्या. त्या घरची बाई कचेरीची पायरी कधी चढली नव्हती. पदर सावरून म्हणाल्या, "मी डोळ्यांनी पाहिलं. बैलच प्याला. आणि धडक टांग्यानं दिली, तीही मागून."

साहेबांनी हौशीरामला विचारलं, तू अजिबात घेतली नाहीस? इथं नुसतं नाही म्हटलं तरी भागलं असतं. शेटजींनी खाली पाहिलं.

"येक थेंब जिभेला लावला," हौशीराम म्हणाला. "उद्या बैल आजारी पडला तर पुन्हा लावीन. चाखल्याबिगर त्याला जहर कोन पाजील, साहेब?"

साहेब बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, थेंबानं कोणी बेभान होत नाही, आणि बंडीचा वास म्हणजे पुरावा नव्हे. आरोपी निर्दोष.

मला परत मागितलं तेव्हा कारकून म्हणाला, डोंगरात बांबू संपला का? हौशीराम पायरीवर बसून राहिला. दिवस कलायच्या आत मी त्याच्या हातात होतो.

आता मी गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असतो. बुडाशी चीर गेलीय, पावशेरातलं थोडं गळतं. पण एवढं ऐका. वाचून न दाखवलेल्या कागदावर अंगठा देऊ नका. विचारायची पाळी आली की विचारा, लोक हसले तरी.

परवा चिमाजी गोठ्याच्या दाराशी आला. बराच वेळ पाखऱ्याची पाठ खाजवत उभा राहिला. मग म्हणाला,

"हौशीभाऊ, सोमवारी पोरगी सासरी निघालीय. गाडी तुझीच. आन ते नळकांडं संगं घे."