शुद्धीचा वर्ग

ज्या निसर्गोपचार केंद्रात ताई सकाळचा ध्यानाचा वर्ग घेई, तिथे ‘आजार’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. आजाराला तिथे असंतुलन म्हणत, दुखण्याला शरीराचा निरोप म्हणत आणि अंगातून जे जे नको ते वाहून जाई, त्या सगळ्याला शुद्धी म्हणत. हीच भाषा ताई घरीही बोले. पेशाने वकील असलेल्या तिच्या धाकट्या भावाच्या मस्तकात त्यामुळे तिडीक जाई.

“शुद्धी चालू आहे रे माझी,” एकदा ती फोनवर म्हणाली.

“कसली शुद्धी? विषद्रव्यं विषद्रव्यं म्हणतेस, त्यातल्या एकाचं तरी नाव सांग.”

“प्रत्येक गोष्टीला नाव नसतं.”

“मग ती कोर्टात टिकत नाही.”

“बरं झालं, माझं शरीर म्हणजे कोर्ट नाही! तू आधी स्वतःचं पित्त सांभाळ, वकीलसाहेब.”

वाद चांगलाच रंगला. संतुलन कशाचं, ऊर्जा कुठली, ती मोजतं कोण, असं विचारत त्याने तिच्या एकेका शब्दाची साल काढली. मग त्याने समाधानाने फोन ठेवला. वर्षभर असेच वाद होत राहिले आणि दर वेळी तोच जिंकला.

मग एका सकाळी ताई वर्गातच कोसळली.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई मितभाषी होत्या. “अंगावरून जातं का?” त्यांनी विचारलं.

ताईने भावाकडे पाहिलं. “शुद्धी चालू—”

“रक्त जातं का?”

“जातं.”

“पाळी बंद झाल्यावरही?”

“हो. जायला लागून वर्ष होत आलं.”

वर्षभर उलटतपासणी घेऊनही हा साधा प्रश्न भावाच्या तोंडून निघाला नव्हता. तिच्या शब्दांना अर्थ नाही हे सिद्ध करण्याच्या नादात, त्या शब्दांआड काय चाललं आहे हे पाहायचं राहूनच गेलं होतं.

तपासण्या झाल्या. गर्भाशयातला कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. “काही महिने वाढवता येतील,” बाई म्हणाल्या. “बरं करता येणार नाही.”

बाई गेल्यावर भावाने काही बोलायला तोंड उघडलं, पण ताईने त्याला हातानेच थांबवलं.

“रडणं नंतर. माझा फोन दे. वर्गात एक शिंपीण येते, तिलाही असंच होतंय. बिचारी घाबरून विचारायला आली होती. मीच म्हटलं, भाग्यवान आहेस, शुद्धी सुरू झाली.”

शिंपिणीने फोन उचलला.

“तुला अजून रक्त जातं का गं? आजच्या आज डॉक्टरांकडे जा. मला कर्करोग झालाय. तुलाही असू शकतो.”

पलीकडून हळुवार, समजूत घालणारा आवाज आला, “ताई, किती नकारात्मक बोलताय! असले शब्द तोंडातसुद्धा आणायचे नाहीत, तुम्हीच शिकवलंत ना? शांत व्हा. तुमच्यासाठी मी ध्यान करीन हं.”

फोन बंद झाला. ताईने पुन्हा लावला, पुन्हा लावला. पलीकडे कोणी उचलेना.

“चौकातल्या औषधाच्या दुकानावर तिची खोली आहे,” ती भावाला म्हणाली. “ऊठ, जा. आणि हे बघ, तिच्याशी वाद घालू नकोस.”