सैल केलेल्या बाह्या

मास्तरांच्या लग्नाला बारा वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. त्यांचं शिवणकामाचं दुकान बरं चाललं होतं, पण घरात माणसं दोनच आणि तीही खाली मान घालून जेवणारी. शेवटी उपचार घेतले. इंजेक्शनांनी बायकोच्या पोटाची चाळण झाली, दोनदा पदरी निराशा आली, आणि मग एकदाचे दिवस राहिले.

डॉक्टरीणबाईंनी अभिनंदनाआधी ताकीद दिली. "उपचारांनी राहिलंय, वयही पस्तिशीपुढचं. रक्तदाब चढू शकतो. डोकं दुखलं, हात-तोंड सुजलं, तर लगेच या. जपून राहा."

जपून म्हणजे पलंगावरून उतरायचंच नाही, असा मास्तरांनी अर्थ लावला. तिला सोबत हवी म्हणून दुकानातलं शिवणाचं मशीनच उचलून झोपायच्या खोलीत आणलं. मग काय विचारता! ती उशीला टेकून काजं करायची, मास्तरांचे पाय मशीनवर आणि तोंड गप्पांत. गिऱ्हाइकांच्या नकला व्हायच्या, बाळाच्या नाकावरून भांडणं व्हायची.

"मुलगी झाली आणि नाक तुमच्यावर गेलं तर?"

"टोपी मोठी शिवू. झाकेल."

बारा वर्षांचं बोलणं त्या काही महिन्यांत बोलून झालं. किती गोड दिवस होते ते!

सातव्या महिन्यात ती म्हणाली, "अहो, बाह्या काचतायत." मास्तरांनी शीळ घालत तिच्या ब्लाउजची शिवण उसवली आणि बाह्या सैल केल्या. थोड्या दिवसांनी पुन्हा केल्या. बायको अंगाने भरतेय, याचाच त्यांना कोण आनंद. वाढतंय पोट, मग बाह्या कशाला काचतील, हे जन्मभर मापं घेणाऱ्या माणसाला सुचलं नाही.

एका सकाळी तिला सुईत दोरा ओवता येईना. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. रक्तदाब पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला.

"आत्ताच बाळ बाहेर काढायला हवं. थांबलो तर दोघंही हातची जातील."

पोर मूठभर निघाली, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आईला झटके आले, शुद्धीवर यायला फार वेळ लागला.

"माझंच चुकलं," मास्तर तिला म्हणाले. "बाह्यांवरून कळायला हवं होतं."

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "पण सांगितलं असतं तर इथे भरती केलं असतं. मशीन दुकानात परत गेलं असतं."

मास्तर भयंकर संतापले. मग तिथेच, नर्ससमोर, ढसाढसा रडले.

लेक आता कॉलेजात जाते. मशीन केव्हाच दुकानात परत गेलं आणि घरातलं बोलणं पुन्हा आटलं. जेवताना मास्तरांना कधीकधी वाटतं, ते दिवस परत यावेत. ज्या दिवसांनी दोघींना जवळजवळ नेलंच होतं त्यांचीच ओढ लागावी, याची त्यांना लाज वाटते. तिला विचारायचा धीर होत नाही. ती 'मलाही' म्हणेल, याची भीती वाटते.