निरोगी गटातला हात

रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं, एकाच पदराचं. कोटाला असतं तसंच. फक्त कोटाचं अस्तर उसवलं की खिशातली किल्ली आत घरंगळते आणि माणसाला कळतं. हे बिघडलं तर वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. तो लागावा म्हणून आमचा विभाग.

आमची पद्धत सोपी आहे. माणसाला उपाशीपोटी आडवं करायचं, हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि मग पट्टा एकदम सोडायचा. रक्त धावत येतं. अस्तर धडधाकट असेल तर ते धमनीला सैल व्हायला सांगतं आणि ती रुंद होते. आजारी असेल तर धमनी ढिम्म राहते. हे सोनोग्राफीच्या पडद्यावर पकडायचं काम माझं. फरक केसाएवढा असतो, त्यामुळे धमनीवर टेकवलेला मशीनचा प्रोब धरणारा हात जराही हलून चालत नाही. माझा हलत नाही. स्वतःची टिमकी स्वतःच वाजवते आहे, पण दुसऱ्यानं वाजवली तेव्हा काय झालं ते पुढे येईलच.

सर आमचे विभागप्रमुख. मी नुसते एक्स-रे काढायचे, तिथून उचलून त्यांनी मला या मशीनसमोर बसवलं. चुकले तरी आवाज चढवला नाही. सरांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. घरी उठता-बसता त्यांचंच नाव. नवरा म्हणायचा, “तुझ्या सरांना एकदा जेवायला बोलव. या घरात मी कोण ते तरी ठरवून टाकू.”

नवरा पोहायला शिकवतो. सगळी गल्ली त्याला कोच म्हणते, मीही. विडी-काडी नाही, पोट नाही, पाण्यात उतरला की पोरं तोंडात बोट घालतात.

आमच्याकडे आजारी माणसं हवी तेवढी मिळतात, तुटवडा असतो तो सरांच्या अभ्यासात तुलनेला लागणाऱ्या धडधाकट माणसांचा. बरा असलेला माणूस सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात कशाला येईल? मग प्रत्येकानं आपापल्या घरचं कुणीतरी पकडून आणायचं. कारकुनानं मेहुणी आणली, मी कोचला आणलं. पलंगावर पडता पडता त्यानं दंड फुगवून दाखवला. “नीट बघून घे. असा माल बाजारात मिळायचा नाही.”

पट्टा सुटला. मी पडद्याकडे बघत राहिले. धमनी होती तेवढीच राहिली.

चित्रं मोजायचं काम सरांचं. हात कुणाचा हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं, पण मला राहवेना. मी सरळ त्यांच्या खोलीत गेले आणि कोचचं चित्र समोर ठेवलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग समजुतीनं म्हणाले, “ताई, तुमचा हात हललाय. घरचं माणूस समोर असलं की होतं असं. हे मोजण्यासारखं नाही.”

“परत घेऊ का, सर?”

“नको. गट भरलाय आपला. राहू द्या.”

मला लाज वाटली आणि हायसंही वाटलं. घरी कोचनं विचारलं, “माझं काय आलं?” मी म्हटलं, “माझाच हात हलला. तुझं चित्र वाया गेलं.” त्यानंतर मी चहाचा कप पुढे केला की तो मला चिडवायला दोन्ही हातांनी धरायचा, सांडेल म्हणून.

सरांचा अभ्यास छापून आला, वाहवा झाली. भांग पाडावा तसे दोन्ही गट स्वच्छ वेगळे दिसत होते, निरोगी या बाजूला, आजारी त्या बाजूला. आम्ही पेढे वाटले नाहीत, पण केक कापला.

आणि मग एका दुपारी कोच तलावाच्या काठावर कोसळला.

हृदयविकाराचा झटका. तीन वाहिन्या तुंबलेल्या. हृदयाचा एक कोपरा कायमचा गेला, आता पाण्यात उतरायचं नाही. त्याला नेलं त्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, “हे काही काल-परवाचं नाही. आधी कधी तपासलं नव्हतं का?” मी ‘नाही’ अशी मान हलवली.

तो जरा सावरला तेव्हा सर भेटायला आले, फळं घेऊन. कोचला कोण आनंद. उशीला टेकून बसला, विनोद करायला लागला. सरही खुलले.

“बरे झालात की एकदा आमच्याकडे या,” सर म्हणाले. “झटक्याच्या आधीचं तुमचं चित्र आहेच आमच्याकडे. आधीचं आणि नंतरचं, एकाच माणसाचं! कुणाला मिळतं असं?”

“पण ते तर खराब आलं होतं ना?” कोच म्हणाला. “हिचा हात हलला होता.”

सर हसले. “ताईंचा? अहो, आमच्या अख्ख्या विभागात न हलणारी तेवढी एकच गोष्ट आहे. स्वच्छ आहे चित्र, अगदी नमुनेदार.”

कौतुक करत होते माझं.

कोचच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. “स्वच्छ म्हणजे? काय दिसत होतं त्यात?”

आता सरांच्या लक्षात आलं. “एका आकड्यावरून काही म्हणता येत नाही हो. संशोधनातली चाचणी ती, निदानाची नव्हे. विश्रांती घ्या.” आणि ते उठलेच.

मी त्यांना जिन्यापाशी गाठलं. “सर, परत चला. हात हलला असं तुम्ही म्हणालात, हे त्याला सांगा.”

“म्हणालो असेन. इतकी चित्रं येतात.”

“त्यातलं हेच तेवढं जपून ठेवलंत.”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “ताई, त्याला निरोगी गटात घेतलं असतं तर दोन्ही गट एकमेकांत मिसळले असते. सगळ्यांच्या कष्टांवर पाणी. तुमच्याही.” मग आवाज मऊ केला. “आत्ता हा विषय नको. असा ताण त्याच्या अस्तराला बरा नाही.”

माझ्या नवऱ्याच्या अस्तराची त्यांना पहिल्यांदाच काळजी वाटत होती. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि ते पूर्ण ऐकायला सर थांबलेही नाहीत. फसवलं त्यांनी मला. तेही माझ्याच हाताला खोटं पाडून, जो हात त्यांनीच घडवला होता. अंगाची नुसती आग आग होत होती.

परत आले तर कोच आढ्याकडे बघत पडला होता.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“नव्हतं. शप्पथ सांगते. सर म्हणाले की...”

“पट्टा सुटला तेव्हा तू पडद्याकडे बघत होतीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. तुझा चेहरा उतरला, तो मी पाहिला. नंतर तू म्हणालीस, हात हलला. मी म्हटलं, मग ठीक आहे.”

“अरे, मलाच त्यांनी...”

“मधे मधे छातीत जळजळायचं. तुला सांगितलं नाही. म्हटलं, ही दिवसभर हेच बघते. माझ्यात काही असतं तर बोलली नसती का?”

खरं बोलून झालं होतं आणि ते सरांच्या खोटेपणापेक्षा लंगडं वाटत होतं.

सिस्टर गोळ्या घेऊन आल्या. कोचनं गोळ्या घेतल्या, पाणी प्यायला आणि ग्लास परत देताना त्यांना म्हणाला, “सिस्टर, यांना जरा बाहेर बसायला सांगता का?”

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मी माझी पिशवी उचलली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.