सिलिंडरच्या खांद्यावरची अक्षरे

ज्योत पिवळी पडली, डाग द्यायच्या टॉर्चच्या तोंडापासून सुटली आणि विझली. मी ती पुन्हा पेटवली. नुसता गॅस होता तोवर ती नीट जळत होती. ऑक्सिजनची चावी किंचित सोडली, की कुणी फुंकर घालावी तशी मिटत होती. तिसऱ्या वेळी माझा हात थांबला. ऑक्सिजन ज्योतीला चेतवतो. तिला विझवणारा वायू आमच्या दुकानात एकच होता.

मी गुडघ्यांवर बसलो आणि सिलिंडरच्या खांद्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. लोखंडात ठोकलेली अक्षरे हळूहळू वर आली. नायट्रोजन.

म्हणजे सकाळी ताईच्या गाडीत मी चढवला तो ऑक्सिजन होता.

ताई माझी थोरली बहीण. बाबांच्या मागे एअर कंडिशनर आणि कॉम्प्रेसर दुरुस्तीचे हे दुकान तिनेच उभे ठेवले. त्या वेळी ती एका फुलांच्या दुकानातल्या शीतखोलीचे यंत्र दुरुस्त करत होती. दहाच मिनिटांपूर्वी तिचा फोन येऊन गेला होता. यंत्रातला जुना वायू हवेत न सोडता टाकीत ओढून घेतला आहे, गळका सांधा डाग देऊन जोडला आहे, तो निवला की नायट्रोजनचा दाब भरून साबणाच्या फेसाने गळती पाहीन, असे तिने सांगितले होते. नायट्रोजन बिचारा कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. पण कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असते, आणि त्या तेलावर दाबाखालचा ऑक्सिजन सोडला, तर ठिणगीचीसुद्धा गरज उरत नाही. बाबांचे भागीदार असेच गेले. त्यांच्याविषयी घरात कधी काही बोलले जात नसे. त्यांचा पाना मात्र अजून खिळ्याला टांगलेला होता.

त्यानंतर बाबांनी एक रीत घालून दिली. आमची दोन्ही सिलिंडरे एकाच उंचीची, रंग उडालेली. तोंडाचे आटेही सारखेच. म्हणून एकाने खांद्यावरची अक्षरे मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची, आणि मगच सिलिंडर जागचे हलवायचे. बाबा आणि ताई हे खणखणीत आवाजात करत. मला मात्र त्याची लाज वाटे. रस्त्याने जाणारे लोक वळून पाहत, आणि वर्गात उभे राहून पाढे म्हणण्याचे ते जुने भय माझ्या गळ्याशी येई. हळूहळू मी बोलणे सोडले आणि नुसती मान डोलावू लागलो. ताईने ते चालवून घेतले. ह्याचे तोंड अजून वॉरंटीत आहे, उघडले तर सील तुटेल, असे ती गिऱ्हाइकांना सांगे.

आज सकाळी गाडीत बसूनच तिने विचारले होते, नायट्रोजनच ना? मी मान डोलावली होती. अक्षरे वाचली नव्हती.

मी तिला फोन लावला. घंटी वाजत राहिली. दाबाचे काम करताना ती फोन गाडीतच ठेवते, हे मला ठाऊक असूनही मी पुन्हा लावला. रिक्षाने गेलो तर वीस मिनिटे लागणार होती. सांधा निवायला फार तर दहा, आणि ती मी ज्योतीशी खेळण्यात घालवली होती.

भिंतीवरच्या कामाच्या चिठ्ठीवर फुलवाल्याचा नंबर होता, माझ्याच बारीक अक्षरातला. अनोळखी माणसांना करायचे फोन आजवर मी ताईवर ढकलत आलो होतो. बोटे तेलकट होती. दोनदा आकडा चुकला.

"बोला," पलीकडून भरदार आवाज आला. "लग्न की मयत?"

तो सगळ्यांना हेच विचारत असणार. पण तो दुसरा शब्द माझ्या कानातून आत उतरला आणि तिथेच बसून राहिला. मी तोंड उघडले. घशातून वारासुद्धा बाहेर पडेना. पलीकडे कात्री चालत होती. देठ तुटल्याचा कच् असा आवाज येत होता. तो दोनदा हॅलो म्हणाला, काहीतरी पुटपुटला आणि त्याने फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. या वेळी घंटी फार वेळ वाजली. तेवढ्यात ताईचा हात माझ्या डोळ्यांपुढे आला: मनगटावरचा भाजल्याचा डाग, चावीवर वळलेली बोटे. फोन उचलल्याची खरखर झाली, तेव्हा त्याच्या बोलण्याची वाट न पाहता मी ओरडलो,

"त्या बाईंना थांबवा. चावी फिरवू देऊ नका. सिलिंडर चुकीचं आहे, फुटेल सगळं."

फोन फळीवर आपटला, पावले धावत दूर गेली. मग ठिबकणारे पाणी ऐकू येत राहिले. मी थेंब मोजले नाहीत. मला फक्त एका मोठ्या आवाजाची भीती वाटत होती. शीतखोलीचे जड दार करकरले.

"बोल," ताई म्हणाली.

मी जमिनीवर बसलो.

"हे फुलवाले आत्ताच सांगत आले की कुणाचा तरी फोन होता, पण माणूस बोलेच ना," ती म्हणाली. "म्हटलं, न बोलणारा माझाच भाऊ. तो परत लावेल, म्हणून थांबले. सिलिंडरला चावी चढवून झाली होती रे."

"खांद्यावरचं वाच, ताई. चावी फिरवू नकोस. नुसतं वाच."

ती आत गेली. परत आली तेव्हा तिचा श्वास ऐकू येत होता.

"ऑक्सिजन," ती म्हणाली.

"ऑक्सिजन," मी म्हणालो. दुकानासमोरून जाणारी दोन माणसे वळून पाहू लागली. मी आवाज खाली आणला नाही.

"तू नुसती मान हलवलीस आणि मी निघून गेले," ती म्हणाली. "वाचलं मीही नाही."

नायट्रोजन घेऊन निघतो, असे मी सांगितले. तोवर सिलिंडर यंत्रापासून सोडव, नळी काढ, खोलीबाहेर उभी राहा, आणि हे सगळे कळले का ते मला सांग. पलीकडून काहीच आले नाही. पाणी ठिबकत होते. ती मान डोलावत असणार.

"ताई," मी म्हणालो, "मोठ्यानं म्हण."