रजई पांघरलेली गाडी

मी एक म्हातारी गाडी बोलतेय. थंडीत सकाळी माझा आवाजच फुटत नसे आणि त्यापायी मी भंगारात जाता जाता राहिले. अजूनही दुपारी कुणी फाटक वाजवलं की काळजात धस्स होतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा रंग दुधी आणि तोरा तर विचारू नका! बाबांनी मला घेतलं ते त्यांचं लग्न ठरल्यावर. बाबा म्हणजे माझे मालक. मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही. आई शेजारच्या सीटवर बसायच्या आणि प्रत्येक वळणावर म्हणायच्या, "सावकाश हो!" त्यांच्या धाकानं मी आयुष्यात कुणाला साधं घासलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी आई गेल्या. बाबांना एकच काम उरलं, रोज सकाळी मुलीला इस्पितळात सोडायचं. ती तिथं नर्स आहे.

आणि यंदा थंडी पडली तसं नेमकं तेच माझ्याच्यानं होईना. बाबा चोकची मूठ ओढायचे. गार इंजिनाला सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, त्यासाठी ती असते. मी जीव खाऊन खोकायचे आणि पुन्हा गप्प. मग शेजारी धक्का मारायला यायचे. एकदा सुरू झाले की मात्र दिवसभर कसली तक्रार नाही.

एका सकाळी धक्का मारताना बाबाच घसरून पडले. कोपर चांगलंच सोललं. त्याला पट्टी बांधताना मुलगी म्हणाली, "बाबा, आता पुरे. पुन्हा अडली तर भंगारवाल्याला बोलावते. मी जाईन बसनं."

बाबा दुसऱ्याच दिवसापासून उपायांच्या मागे लागले.

कुणी म्हणालं बॅटरी, ती बदलली. कुणी म्हणालं प्लग, तेही बदलले. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! बाबा मला मिस्त्रींकडेही न्यायचे, पण कसं? आधी धक्का, मग गल्लीत फेऱ्या, मी चांगली तापले की मगच. चारचौघांत माझी शोभा नको ना व्हायला! मिस्त्री किल्ली फिरवत आणि मी लगेच सुरू.

"काका, ठणठणीत आहे हो ही!"

अहो, सकाळी बघा मला, सकाळी! पण माझं ऐकतंय कोण?

शेवटी मुलीच्याच लक्षात आलं. "बाबा, ताप उतरवून पेशंट दाखवताय होय? उद्या मिस्त्रींना सकाळीच घरी बोलावू. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही. आणि उद्याही नाही जमलं, तर दुपारी भंगारवाला."

सकाळी मिस्त्री आले. ते पुढं होण्याआधीच बाबांनी घाईघाईनं बॉनेट उचललं आणि माझ्या इंजिनावरून एक निळी रजई ओढून काढली.

"हे काय?" मिस्त्री बघतच राहिले.

"हिच्या आईची आहे," बाबा मुलीकडे बघत ओशाळून म्हणाले. "गाडीला थंडी वाजते म्हणून संध्याकाळी घालतो. अडायला लागली तशी जास्तच घट्ट खोचतो."

मिस्त्रींनी कार्बोरेटरवरचा हवेचा डबा काढला. "काका, चोक ओढा."

बाबांनी ओढला. हवा अडवणारी आतली झडप हलली नाही. चोकची वायर स्क्रूमधून निसटली होती आणि तिच्या टोकाला निळ्या दोऱ्याचा गुंता होता.

"रजई रोज या वायरला हिसका देत होती. काका, मायेनंच आजारी पाडलंत की!"

बाबांचा चेहरा एवढासा झाला. मला स्वतःपेक्षा त्यांचंच वाईट वाटलं.

मिस्त्रींनी वायर बसवून स्क्रू आवळला. बाबा आत बसले, शेजारी मुलगी. बाबांनी किल्ली फिरवली. होतं नव्हतं ते बळ एकवटून मी एकदा खोकले आणि धडधडून सुरू झाले.

"सावकाश हो," मुलगी म्हणाली. बाबा तिच्याकडे बघतच राहिले, मग त्यांनी डोळे पुसले आणि आम्ही निघालो.

आता मी उघडीच झोपते. वय झालंय, उद्या दुसरं काही बिघडेल ही धाकधूक आहेच. पण त्याहून मोठी एक काळजी आहे. ती रजई बाबांनी धुऊन, घडी करून माझ्या मागच्या सीटवर ठेवलीय. आणि सकाळी स्टिअरिंग धरतात तेव्हा त्यांचे हात बर्फासारखे गार असतात.

कुणीतरी त्यांना एवढं सांगा. म्हणावं, मी होते आता सुरू. ती रजई तुम्ही पांघरा.