कन्लयाच्या दुधातलं रक्त

"झालं लाल! बघा, झालं लाल!"

कन्लयाच्या खांबांवर उभ्या घराखाली, सावलीत अर्धं गाव दाटीवाटीनं बसलं होतं. मधोमध मांत्रिक खामसिंग. त्याच्या तळहातावर शिंपल्याची पांढरी वाटी. बायकांनी कापडाचा आडोसा धरला, कन्लयानं त्याच्या डबीतली हळद छातीला लावून वाटीत दूध पिळलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते तांबडं होत गेलं.

"हे दूध नाही," खामसिंग घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मेलेलीचं रक्त आहे. बुआफान! सात पाताळांची आण आहे तुला, बोल! यमदूतांशी माझं कालच बोलणं झालंय!"

मग त्यानं डोळे मिटून पाली भाषेतला मंत्र सुरू केला. मी उभा जन्म आमच्या विहारात पुढच्या रांगेत बसून भिक्षूंची गाऊन केलेली प्रवचनं ऐकत आले आहे. सूर लागला की माझे डोळे आपोआप भरतात. म्हणून तो मंत्र मी लगेच ओळखला. जेवणानंतर भिक्षू म्हणतात तो आशीर्वाद होता. भुताला हाकलायचं सोडून हा त्याला जेवू घालत होता. पण हसू येईना, कारण कन्लयाचा चेहरा मला दिसत होता.

बुआफान तिची थोरली बहीण. कन्लयाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा बुआफाननं आपलं एक काढून दिलं. पुढे काही वर्षांनी ती उसाच्या ट्रकखाली गेली. तिला मूलबाळ नव्हतं. तिचं शरीर विहारामागे जळलं, पण तेवढा एक तुकडा कन्लयाच्या ओटीपोटात उजवीकडे जिवंत राहिला. हात लावला की कातडीखाली उंचवटा लागतो. शरीरानं तो परका समजून मारू नये म्हणून कन्लयाला जन्मभर गोळ्या.

बाळ झाल्यापासून कन्लया रिवाजाप्रमाणे शेगडीशेजारच्या बाजेवर पडून होती. सासूबाई बुनमी रोज तिच्या अंगाला हळद चोळत. आणि बाळ छातीला लागलं की कन्लयाच्या पोटात, त्या उंचवट्याजवळ, कुणीतरी आतून मूठ आवळल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या कुठल्याही वेळी नाही. बाळ ओढू लागलं की मूठ, सोडलं की सैल.

"मावशी, ताई ओढतेय," ती मला, शेजारच्या म्हातारीला, एकदा हळूच म्हणाली होती. "तिला बाळ हवंय."

तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठंतरी लागली होती. मी वळून पाहिलं. नुसता जिना होता. तरी त्या दिवशी उतरताना मी कठड्याला धरून उतरले.

बुनमीला हे कळलं आणि तिनं खामसिंगला बोलावलं. या बैठकीच्या आदल्या दिवशीच त्यानं निकाल दिला होता: गोळ्यांनी भूत आत बांधलं गेलंय, म्हणून गोळ्या बंद. दूध बंद. बाळाला भाताची पेज, आईला मुळ्यांचा काढा. पौर्णिमेला बुआफानची पाठवणी. तेव्हापासून कन्लयानं गोळ्या घेतल्याच नव्हत्या.

"आचार्य, माझंही जरा बघा की!"

सगळे वळले. आमच्या शाळेतली मास्तरीण नोंगलक, काखेत चार महिन्यांचं पोर घेऊन उभी होती. बाळंतपणाच्या रजेवर होती, पण आवाज वर्गातलाच.

"तुला काय झालंय?" खामसिंग म्हणाला.

"तेच तर विचारतेय. मीही दूध पाजते. कुणी बसलं असलं तर आत्ताच कळू दे, पुन्हा तुम्हाला खेप नको."

"विद्येची चेष्टा करू नये, पोरी."

"करू द्या की तिला!" मागून कुणीतरी म्हातारी ओरडली. "आम्हीपण बघू!"

फुकटचा चमत्कार कुणाला नको असतो? लोकांनी धोशा लावला. खामसिंगनं वाटी धोतरात लपवायच्या आत नोंगलकनं ती उचलली. त्याच्याच डबीतली हळद लावून आडोशाला दूध पिळलं, वाटी गोल फिरवली.

दूध तांबडं झालं.

"आता सांगा," ती म्हणाली. "माझी दोन्ही मूत्रपिंडं माझीच आहेत. माझी थोरली बहीण बाजारात मासे विकतेय. मग हे रक्त कुणाचं?"

"तुझ्यातही शिरलंय!"

"अस्सं." तिनं वाटी रिकामी करून रांजणातलं पाणी घेतलं, चिमूटभर हळद टाकली. तेही तांबडं. "रांजणही बाळंत झालाय वाटतं."

लोक खदखदले. ती माझ्याकडे वळली. मी पान लावत होते. "आज्जी, पानाला तुम्ही तो लाल चुना लावता, तो कसा करता हो?"

"कसा म्हणजे? पांढऱ्या चुन्यात हळद कालव..."

माझा हात पानावरच थांबला. समोर बुनमीनंही आपल्या पानाच्या डब्याकडे पाहिलं. एकेक करून सगळ्या म्हाताऱ्यांनी पाहिलं. आम्ही पोरवयापासून हे करत आलो, आणि आमच्यातल्या एकीलाही सुचलं नव्हतं.

"वाटी आतून चुन्यानं सारवून वाळवली आहे," नोंगलक म्हणाली. "पांढऱ्या शिंपल्यावर पांढरा चुना, दिसणार कसा? दुधाबरोबर हळद उतरते आणि रंग बदलतो. तिसरीतल्या पोरांना मी हे हळदीच्या कागदावर करून दाखवते." तिनं सोबत आणलेलं लिंबू वाटीत पिळलं. तांबडं पाणी पुन्हा पिवळं झालं. "झाली पाठवणी. पौर्णिमेची वाट नको बघायला."

खामसिंग कधी उठला ते दिसलं नाही. त्याची पिशवी तेवढी मागे राहिली.

लोक हसत होते. कन्लया हसली नाही. तिनं ओटीपोटावर हात दाबून धरला होता आणि रडत होती.

"पण ती मूठ? ती तर खरी आहे ना?"

नोंगलक तिच्याजवळ टेकली. "खरीच आहे. बाळ ओढतं तेव्हा प्रत्येक आईचं गर्भाशय आकसतं. मला तर दात आवळून धरावे लागायचे."

"म्हणजे ताई... नाहीच?"

तेव्हा मला कळलं, ही पोर नुसती भ्यायलेली नव्हती. तिला ती मूठ हवी होती. बहिणीच्या हाताची म्हणून ती ते दुखणं जपत होती.

"ऐक कन्लया," नोंगलक म्हणाली. "तुझ्या ताईचं या जगात जिवंत असं एवढंच उरलंय. गोळी घेतलीस तर ते तुझ्यात राहील. सोडलीस तर तुझंच शरीर त्याला परकं समजून मारून टाकेल. खामसिंग भुताला काढत नव्हता गं. तुझ्या ताईला दुसऱ्यांदा मारायला निघाला होता, आणि तिच्यामागोमाग तुला."

कन्लयानं डोळे पुसले. मग म्हणाली, "आई, गोळ्या."

बुनमी, साठी उलटलेली बाई, जिना धावत चढली.

त्याच दुपारी शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही शहरातलं इस्पितळ गाठलं. रक्तात थोडा बिघाड दिसू लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. तीन दिवस ठेवून घेतलं, आणि मूत्रपिंड सावरलं.

बुनमीनं तिथं धीर करून विचारलं, "एवढ्या जहाल गोळ्या, बाई. दुधातून बाळाला विष नाही का जात?"

"चांगलं विचारलंत, हे आम्हालाच विचारायचं," त्या म्हणाल्या. "दुधाला न चालणारी गोळी आम्ही दिवस राहण्याआधीच बदलली होती. आता चालू आहेत त्यांचा अगदी कणभर अंश दुधात उतरतो. बाळाचं रक्तही तपासलंय, ठीक आहे. खुशाल पाजू द्या. शेगडी मात्र आता पुरे, आणि काढा अजिबात नको. मुळ्यांचा गोळ्यांशी काय झगडा होईल, सांगता येत नाही."

मी श्रद्धाळू बाई आहे. उद्याही प्रवचनाला पुढच्या रांगेत बसेन, दानाची कथा आली की रडेन. पण ज्यांच्यापुढे मी हात जोडते त्या बुद्धांनी ऐकलेलं पारखून घ्यायला सांगितलं आहे. आणि पारखायला भिणारा माणूस धर्माचा नसतो, धंद्याचा असतो. तुमच्या गावात कुणी दुधाचं रक्त करून दाखवू लागला तर त्याला आधी वाटी घासायला सांगा. बाळंतिणीला काही होत असेल तर डॉक्टरला विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. आणि दुसऱ्याचा अवयव घेऊन जगणाऱ्या आईची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून, डॉक्टरला न विचारता, एक दिवससुद्धा बंद करू नका.